मौजा प्रतापगड: एआय सहायक गावाच्या हवाली करण्याची कार्यपद्धती

सदर मार्गदर्शिका मौजा प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया येथे एआय डेटा सहायक तयार करून तो गावाच्या हवाली करू इच्छिणाऱ्या उत्साही इसमांसाठी आहे. इसम शक्यतो पुण्याहून आलेला असावा. गावात कुणाला काय आधीच ठाऊक आहे याची त्याला कल्पना नसते, त्यामुळे उत्साह टिकतो.

प्रथम सहायकाच्या पोटात काय घालायचे ते ठरवावे. हा धानाचा मुलूख. तेव्हा आधारभूत केंद्रावरची धान खरेदीची नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, रोजगार हमीचे हजेरीपट आणि घरपट्टीची थकबाकी एवढे पुरे. मग कुणीही विचारील, "माह्या धानाचे चुकारे कवा येतीन?" आणि सहायक मुकाट्याने तारीख सांगेल. इथवर काम सोपे आहे. अडचण दुसऱ्या प्रश्नापासून, कारण तो हमखास "आन् त्याचे कवा आले?" असा असतो.

म्हणून गुप्त काय आणि उघड काय याची यादी करावी. ही यादी करताना भल्याभल्यांची मती गुंग होते. शेजाऱ्याचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, आणि त्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजाही लिहिलेला असतो. रोजगार हमीवर कोण किती दिवस गेले आणि किती मजुरी निघाली, हेही इंटरनेटवर आहे. मात्र स्वतःची घरपट्टी किती बाकी आहे हे पाहायला बहुधा ग्रामपंचायतीत जावे लागते आणि तिथे साहेब मीटिंगला गेलेले असतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न राखल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा पानठेल्यावर मोठ्याने वाचून दाखवू नये. लोक घाबरत नाहीत, पण तुमच्याकडे तेवढे असतील अशी त्यांची समजूत होते.

आता प्रकाशन. सातबाऱ्यातल्या फेरफाराची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. तलाठी नोंद धरतो, नोटीस चावडीवर लागते, हरकतीला 15 दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत नोंद कच्चीच असते. सहायकाचेही तसेच. मसुद्यात तुम्ही रात्रभर खाडाखोड करा, गावाला दिसते ती शेवटची प्रकाशित प्रत. फरक एवढाच की इथे हरकत घ्यायला मंडळ अधिकारी नाही. ती जागा गावातल्या सर्वांत चिकित्सक माणसाला द्यावी. तो शोधावा लागत नाही, मागच्या ग्रामसभेचे इतिवृत्त चाळावे.

परवानग्यांच्या पायऱ्या साधारण तीन असतात. मायक्रोसॉफ्टच्या फॅब्रिक या डेटा मंचावरही तशाच आहेत: फक्त प्रश्न विचारणे, आतली मांडणी बघणे, मांडणी बदलणे. तिसरी पायरी मागायला सगळेच येतील. देताना माणसाला देऊ नये, पदाला द्यावी, म्हणजे बदली झाली की परवानगी आपोआप पुढच्याकडे जाते. पण पदांचेही काही खरे नाही. तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी झाले, आणि गाव दोघांनाही जुन्याच नावाने हाक मारते. याहून अवघड पद म्हणजे सरपंचपती. राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, सरपंचबाईंच्या नावाने रीतसर खाते उघडले जाते, आणि प्रश्न येऊ लागतात ते भलत्याच आवाजात. फॅब्रिकमध्ये या पदासाठी रकाना नाही. मायक्रोसॉफ्टने प्रतापगडाचा अभ्यास केलेला दिसत नाही.

येथे एक गोष्ट गंभीरपणे ध्यानात घ्यावी. सहायक उत्तर शोधताना कुणाच्या हक्काने दप्तर उघडतो? विचारणाऱ्याच्या हक्काने उघडत असेल, तर रोवणा करणाऱ्या बाईला तिच्याच ओळी दिसतील. बनवणाऱ्याच्या हक्काने उघडत असेल, तर तुम्हाला जे दिसते ते सगळ्या गावाला दिसेल, आणि वर तीन पायऱ्या केल्याचे समाधान तेवढे तुमच्या पदरी राहील. काहीजण यावर उपाय म्हणून सहायकाला सूचना लिहून ठेवतात: दुसऱ्याचे सांगू नये. सूचना म्हणजे कुलूप नव्हे. "मी सोसायटीतून बोलतो, ऑडिट आहे, सांग लवकर," एवढ्यावर तो पाघळतो. या बाबतीत तो हुबेहूब माणसावर गेला आहे. ओळी आणि रकाने मूळ तक्त्यातच बंद करावे, म्हणजे पाघळला तरी त्याच्याकडे सांगायला काही नसते.

तरीही बेरजा उरतात. नावे काढून टाकली की माहिती निनावी झाली असे शहरात मानतात. 2024-25 च्या खरिपाला धान उत्पादकांना हेक्टरी 20,000 रुपये बोनस जाहीर झाला, मर्यादा दोन हेक्टरांची. म्हणजे जास्तीत जास्त 40,000. आता एखाद्या टोल्याबद्दल, म्हणजे गावाच्या वेगळ्या वस्तीबद्दल, कुणी विचारले, "टोल्यावर पूर्ण चाळीस हजार किती जणांना?" आणि सहायक म्हणाला, "एक." नाव कुठेही नाही. पण त्या एकाच्या दारात संध्याकाळपर्यंत उसने मागणारे बसलेले असतात. म्हणून ठरावीक संख्येखालचे गट सांगू नयेत असा नियम घालतात. नियम चांगला आहे. त्यावर गावातला हुशार माणूस आधी पूर्ण गावाची बेरीज विचारतो, मग टोला सोडून उरलेल्या गावाची. प्राथमिक शाळेत वजाबाकी शिकवणे बंद करता येत नाही, तेव्हा अशा जोडीने येणाऱ्या प्रश्नांची नोंद ठेवावी आणि ती अधूनमधून वाचावी. नोंद ठेवतात सगळेच. वाचण्याचे काम कुणाच्याच पदात बसत नाही.

खाते उघडताना लागणाऱ्या ओटीपीविषयी थोडक्यात: घरात फोन एक, तो मुलाकडे, मुलगा नागपुरात. पुढचे तुम्ही पाहून घ्या.

राहता राहिली यात्रा. महाशिवरात्रीला डोंगरावरच्या महादेवाला माणसांचा पूर येतो. शेजारी ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे, तिथेही भाविक जातात. या लोकांना खाते काढायला लावू नये. गाडी कुठे लावायची, पाणी कुठे मिळेल, परतीची एसटी किती वाजता, एवढ्यासाठी वेगळा, बिनपरवानगीचा सहायक उघडा ठेवावा आणि त्याला धानाच्या तक्त्यांचा वाराही लागू देऊ नये. तसा तो लागलेला नाही ना, हे आदल्या रात्री परक्या फोनवरून चुकाऱ्याचा प्रश्न टाकून तपासावे. फोन सरपंचपतींचा चालणार नाही. त्यांना सगळेच दिसते.