कटिंगचा हिशेब कसा ठेवावा

अभिनंदन! निवडणूक कामाचा आदेश आपल्या हातात पडला आहे आणि तो रद्द करून घेण्यासाठी लागणारे डॉक्टरांचे सर्टिफिकेट आपल्याला वेळेत मिळालेले नाही. कालपर्यंत आपण शाळेत भूगोल शिकवत होता किंवा मालमत्ता कराची बिले काढत होता. आजपासून आपण 152, बोरीवली विधानसभा मतदारसंघाच्या खर्च निरीक्षण पथकात आहात. निवडणुकीतला पैशाचा खेळ आपल्याला थांबवायचा आहे. त्यासाठी एक दरसूची, एक शॅडो रजिस्टर, एक व्हिडिओवाला आणि एक गाडी मिळेल. गाडी दुपारनंतर येईल.

आधी दरसूची पाठ करावी. साधी खुर्ची, कव्हर घातलेली खुर्ची, मांडव, झेंडा, उपरणे, टोपी, रिक्षावरचा भोंगा, चहा, वडापाव, सगळ्याचे भाव तिच्यात असतात. शिंपोलीत चौकसभा असेल तर सुरू होण्याआधी पोहोचावे. नंतर लोक उभे राहतात आणि खुर्च्या दिसत नाहीत. भाषण ऐकू नये. मोजण्यात चूक होते.

उमेदवाराकडेही त्याचे स्वतःचे रजिस्टर असते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात ते तीनदा तपासायचे आणि आपण मोजलेला खर्च लिहिलेल्या शॅडो रजिस्टरशी ताडून पाहायचे. समजा आपल्याकडे दोनशे खुर्च्या आहेत आणि त्यांच्याकडे ऐंशी. उमेदवाराचा खर्च प्रतिनिधी, बहुधा एखादा शांत स्वभावाचा सीए, आपल्याला सांगेल की उरलेल्या एकशेवीस खुर्च्या शेजारच्या सोसायटीच्या सत्यनारायणाच्या होत्या. पूजा खरोखर झाली का याची खात्री करून घ्यावी. प्रसाद मिळाल्यास झाली असे समजावे.

चहा त्याहून अवघड. वझिरा नाक्याजवळ प्रचार कार्यालय असेल तर टपरीवरचा पोऱ्या किटली आणि प्लॅस्टिकच्या पेल्यांची चळत घेऊन दर थोड्या वेळाने आत जाताना दिसेल. किटली मोजावी की पेले, यावर पथकात मतभेद होतात. विचारलेच, तर कार्यकर्ते सांगतात, "साहेब, चहा घरचा आहे, वहिनींनी केलाय." वहिनींच्या चहाचा भाव दरसूचीत नाही. पुढचा कटिंग आपल्या हातात आला की तो नम्रपणे नाकारावा आणि नाकारलेला पेला उमेदवाराच्या खर्चात धरावा.

रोखीचा नियम सोपा आहे. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. म्हणून मांडववाल्याला एक पावती, त्याच्या भावाला एक, मेहुण्याला एक, अशा 9,900 च्या पावत्या दिसू लागल्या तर मराठी माणूस एकत्र धंदा करत नाही ही तक्रार खोटी असल्याची नोंद घ्यावी.

आता वेळेचे गणित. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे खर्च मोजायचा तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. त्याआधी तो माणूस उमेदवार नसतो, इच्छुक असतो. इच्छुकाला मर्यादा नाही. त्याचा फोटो छापलेले आकाशकंदील, उटण्याची पाकिटे, सोसायटीच्या गेटवर बसवून दिलेले कॅमेरे, ज्येष्ठ नागरिकांची अष्टविनायक सहल, हे सगळे त्याच्या उदार स्वभावात मोडते. बोरीवलीतल्या प्रत्येक सिग्नलवर "भावी आमदार" असा फ्लेक्स दिसला तरी डोळे रस्त्यावरच ठेवावेत, निदान अपघात तरी टळेल. महापालिकेच्या निवडणुकीत पथक राज्य निवडणूक आयोगाचे असते. 2026 साली मुंबईत मतदान 15 जानेवारीला झाले, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, आणि एका उमेदवाराला मर्यादा होती 15 लाखांची. अशा मुहूर्तावर हळदीकुंकवाचे वाण ही भेटवस्तू की धर्मकार्य, हा प्रश्न पुरुष कर्मचाऱ्याने सोडवू नये. महिला कर्मचाऱ्याला पाठवावे आणि मिळालेले वाण पंचनाम्याला जोडावे.

विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा 40 लाख, लोकसभेची 95 लाख. पक्षाची? पक्षाला मर्यादाच नाही. इथे नवे कर्मचारी हटकून गोंधळतात, म्हणून थोडा इतिहास. 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरायला हवा. निकाल ऑक्टोबरचा. वर्ष संपायच्या आत वटहुकूम आणि मग कायद्यात स्पष्टीकरण आले: पक्षाचा खर्च धरू नये. संसदेत एरवी न दिसणारी ही कार्यक्षमता होती. आज त्या स्पष्टीकरणाचे रूप बदलले आहे, पण मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 स्टार प्रचारकांचा प्रवास अजूनही उमेदवाराला फुकट पडतो. अट एवढीच की स्टारने उमेदवाराचे नाव घेऊ नये आणि उमेदवाराने त्याच्याबरोबर मंचावर चढू नये, नाहीतर सभेचा वाटा उमेदवाराच्या खात्यात येतो. तेव्हा मैदानात हेलिकॉप्टर उतरले की आकाशाकडे पाहू नये. मंचाच्या पायऱ्यांवर लक्ष ठेवावे. उमेदवार शेवटच्या पायरीवर थांबला असेल तर तो सुशिक्षित आहे.

पक्षाला पैसा कुठून येतो, हाही आपला विषय नाही. निवडणूक रोख्यांतून येत होता, तेव्हा तो कोणी दिला हे मतदाराला कळण्याची सोयच नव्हती. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले आणि स्टेट बँकेला देणगीदारांची माहिती द्यायला सांगितले. बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती 11 मार्चला नाकारली आणि दुसऱ्या दिवशी ती माहिती केंद्रीय निवडणूक आयोगाकडे पोहोचली. आपल्याला मात्र खुर्च्यांचा आकडा त्याच रात्री कळवावा लागतो, याची आठवण असावी.

नाकाबंदीची ड्यूटी लागल्यास प्रामाणिकपणे करावी. 50,000 रुपयांपेक्षा जास्त रोकड सापडली तर कागद मागायचे, 10 लाखांच्या वर असेल तर आयकर खात्याला कळवायचे. निवडणूक नोव्हेंबरात आली तर लग्नसराई असते, त्यामुळे आपल्या हाती मुख्यतः वधूपिते लागतील. मोठी माणसेही सुटत नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरात वणीला उद्धव ठाकरे यांची बॅग तपासली, त्यांनी त्याचे चित्रीकरण केले, आणि मग सत्ताधाऱ्यांच्या बॅगाही कॅमेऱ्यासमोर उघडल्या. बॅगेत कपडे निघतात, असा अनुभव आहे. त्याच महिन्यात, मतदानाच्या आदल्या दिवशी, लोकलने आपल्या पुढे असलेल्या विरारमध्ये एका हॉटेलात गोंधळ झाला. बोरीवलीचे माजी आमदार विनोद तावडे तिथे पैसे वाटत असल्याचा आरोप बहुजन विकास आघाडीने केला. तावडेंनी तो साफ नाकारला, आपण कार्यकर्त्यांना मतदानाच्या दिवसाची माहिती देत होतो असे सांगितले. हॉटेलातून 9 लाख 93 हजार 500 रुपये जप्त झाले, गुन्हेही दाखल झाले. खरे-खोटे तपास यंत्रणांवर सोडावे. आपण एवढेच टिपावे की तिथे सर्वांत आधी पोहोचले ते विरोधी पक्षाचे कार्यकर्ते.

पेपर वाचणेही कामाचा भाग आहे. 2009 साली भोकरमधून मुख्यमंत्री अशोक चव्हाण निवडून आले, तेव्हा "अशोक पर्व" म्हणून पानेच्या पाने वेगवेगळ्या वृत्तपत्रांत झळकली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती शेजारी शेजारी ठेवली तेव्हा काही मजकूर शब्दशः सारखा निघाला. चव्हाणांनी दाखवलेला वृत्तपत्र जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. प्रकरण आयोगाकडे गेले, तिथून न्यायालयांत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिशेब खरा आहे की नाही हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे. जुलैत आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नाही असे म्हणत नोटीस काढली, सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एव्हाना ती विधानसभा संपत आली होती आणि चव्हाण नांदेडचे खासदार झाले होते.

एखाद्या नेत्याने आपण होऊन कबुली दिली तर काय करावे? जून 2013 मध्ये मुंबईतल्या एका समारंभात गोपीनाथ मुंडे म्हणाले होते की 2009 ची लोकसभा निवडणूक आपल्याला 8 कोटींना पडली. तेव्हा मर्यादा 25 लाखांची होती आणि दाखवलेला खर्च 20 लाखांच्याही आत. आयोगाने नोटीस पाठवली, मुंडेंनी आपण एकंदर वाढत्या खर्चाबद्दल बोलत होतो असा खुलासा केला. असे भाषण आपल्या हद्दीत झाले तर फक्त व्यासपीठाचे भाडे लिहून घ्यावे.

शिक्षेबद्दल उमेदवाराला धाक घालायचा झाल्यास आकडे सांगू नयेत. निवडणुकीचा हिशेब न ठेवल्याबद्दल 1920 पासून 500 रुपये दंड होता. भारतीय न्याय संहितेने तो 5,000 पर्यंत नेला. एवढ्यात एका सभेच्या खुर्च्याही येत नाहीत. धाक घालायचाच तर उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या उमलेश यादव यांचे नाव घ्यावे. पैसे देऊन छापवलेल्या बातमीचे 21,250 रुपये हिशेबात न दाखवल्याबद्दल आयोगाने 2011 साली त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले.

शेवटची सूचना पथकासाठी नाही, बोरीवलीच्या मतदारांसाठी आहे, आणि ती थट्टेने दिलेली नाही. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला हिशेब द्यावा लागतो. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम 88 प्रमाणे तो कोणालाही पाहता येतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे आणि त्यावर कोणताही मतदार निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करू शकतो. म्हणजे हिशेब शेवटच्या दिवशी आला तर आपल्या हातात पंधरा दिवस उरतात. हिशेब जिथे पाहायला मिळतो ते उपनगर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळ आहे. हिशेब पाहण्याची फी एक रुपया. सुटा न्या.