माझ्या ब्रेकचा आवाज बंद करू पाहणाऱ्या समस्त सल्लागारांस

प्रति,
सोसायटीतले, सिग्नलवरचे, टपरीवरचे व नात्यातले सर्व सन्माननीय सल्लागार यांस,

विषय : माझ्या जुन्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक किंचाळतो, त्याबद्दल आपण दाखवलेल्या आस्थेचे जाहीर आभार.



गाडी हिरो होंडा सीबीझेड. १९९९ साली आलेली, पहिल्या रूपातली. १५६.८ सीसीचं इंजिन आणि पुढे २४० मिलिमीटरची डिस्क. त्या काळी मोटारसायकलला डिस्क दिसली की लोक वाकून बघायचे. आता कानावर हात ठेवून बघतात. बघणं सुटलेलं नाही, हे माझ्यासाठी पुरेसं आहे.

आपल्यापैकी एकानेही ‘पण ब्रेक लागतो का?’ असं विचारलं नाही, याचं विशेष कौतुक वाटतं. गाडी थांबते की नाही हा माझा खासगी प्रश्न. आवाज मात्र सार्वजनिक. ही विभागणी आपण फार कसोशीने पाळलीत.

पहिला मान तेलवाल्यांचा. ‘दोन थेंब ऑइल सोडा, जागच्या जागी गप्प!’ उपाय अचूक आहे. डिस्कवर तेल पडलं की आवाज खरोखरच बंद होतो. ब्रेकही बंद होतो, पण आपली तक्रार ब्रेकबद्दल नव्हतीच. पॅड एकदा तेल प्याला की घासा, धुवा, उन्हात ठेवा, त्याचा भरवसा संपला. जोडी फेकूनच द्यावी लागते. दरम्यान समोर बस थांबलेली असते आणि आपण अत्यंत शांतपणे तिच्यात शिरतो. ध्वनिप्रदूषण शून्य.

दुसरे पाणीवाले. ‘सकाळी निघताना पाणी मारा.’ आता पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळचे पहिले चार ब्रेक ओरडतात. पॅड घासून तो थर गेला की आवाज आपोआप थांबतो. पाणी मारलं तरी थांबतो आणि नाही मारलं तरी थांबतो. श्रेय मात्र बादलीला.

तिसरे पेट्रोलवाले. त्यांच्या मते जगातली कोणतीही वस्तू पेट्रोलने धुतली की सुधारते. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या आतली रबरी सीलं पेट्रोलने फुगतात आणि पिस्टन अडकून बसतो, हा तपशील त्यांनी मोठ्या मनाने वगळला. धुण्यासाठी ब्रेक क्लीनरचा स्प्रे बाजारात मिळतो, पण त्याला पेट्रोलसारखा वास नाही, म्हणजे औषध कडू नाही, म्हणजे गुण येणार नाही.

एका गॅरेजात तर कॅलिपर उघडल्याबरोबर पोराने हवेचा पाइप धरला आणि काळी भुकटी आम्हा सगळ्यांच्या तोंडावर उडवली. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसलं असतं तर काम झालं असतं. पण ओल्या फडक्याला फूऽऽऽस असा आवाज नाही, आणि गिऱ्हाइकाला काम झाल्याचा आवाज लागतो. तो आवाज मात्र आपल्यापैकी कोणालाच खटकला नाही.

अखेर मीच दोन बोल्ट सोडून कॅलिपर खाली घेतला, पिन ओढली आणि पॅड हातात घेतले. दोन्हींचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. आतला, म्हणजे पिस्टनकडचा पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला. याचा अर्थ कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकायला हवा, त्या गंजून जाम झालेल्या. पॅडला जागेवर दाबून धरणारी पत्र्याची छोटी स्प्रिंग तर गायबच. मागे कोणीतरी ‘नसली तरी चालतं’ म्हणून खिशात घातली असावी. सैल पॅड डिस्कवर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि त्यालाच आपण ‘काय हा कर्कश आवाज’ म्हणतो.

पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथेही रबर खातं. डिस्कची जाडी मोजली. किमान किती हवी हा आकडा पुष्कळ डिस्कवर कोरलेलाच असतो. आणि नव्या पॅडसाठी पुण्याच्या नाना पेठेत गेलो.

‘कुठली गाडी?’
‘सीबीझेड.’
‘एक्स्ट्रीम ना?’
‘नाही. पहिली.’

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टांग्याच्या घोड्याची नाल मागितली असावी. टाकीवर ज्या दोघांची नावं आहेत त्यांनी वेगळं व्हायचं २०१० साली ठरवलं, हेही त्याने मला नव्यानेच कळत असल्यासारखं सांगितलं. मग एक डबी पुढे सरकवली. ‘बसतील की!’

‘बसतील की’ या शब्दांवर आपला वाहनउद्योग उभा आहे. पण गंमत अशी, की दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुना पॅड काउंटरवर ठेवणं केव्हाही बरं. कॅलिपर बनवणारे एकच कॅलिपर अनेक गाड्यांना देतात, त्यामुळे गाडी बंद पडली तरी तिचा पॅड भलत्याच गाडीच्या नावाने जिवंत असू शकतो. आकार, पिनेच्या भोकाची जागा आणि पाठीच्या पत्र्याची जाडी जुळली की झालं. पुष्कळ पॅडांवर दोन अक्षरंही छापलेली असतात : एफएफ, जीजी वगैरे. पहिलं साध्या तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती उरते ते. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मी ती अक्षरं शोधू लागलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘काय वाचताय? पॅड आहे तो, पत्रिका नाही.’

पॅड बसवले. पिस्टन मागे ढकलताना टाकीवर कापड टाकलं, कारण हँडलवरच्या ऑइलच्या डबीतून उसळलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. आणि निघण्यापूर्वी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहिलो. हे सोडून निघणाऱ्याचा पहिला ब्रेक हवेतच जातो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवे पॅड हळूहळू डिस्कशी जुळवून घेतात. तोवर करकचून ब्रेक मारायचा नाही.

आता एक गोष्ट आपल्या कानावर घालतो. कित्येक मोटारींच्या पॅडवर मुद्दाम एक पत्र्याची जीभ बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. म्हणजे शहाण्या माणसांनी डोकं आणि पैसे खर्चून तो आवाज तयार केला आहे. तो कानाला लागावा हाच त्याचा उद्देश. आणि आपण तेलाची बाटली घेऊन धावता.

अर्थात ही आपली जुनी सवय. मागच्या सर्वसाधारण सभेत जिन्यातल्या गळतीबद्दल ओरडणाऱ्या सभासदाला आपण एकमताने उपाध्यक्ष केलंत. गळती चालू आहे; आवाज मात्र नाही. तेल तिथेही अगदी नेमक्या जागी पडलं.

म्हणून एवढीच विनंती. पुढच्या वेळी कोणाचाही ब्रेक ओरडला, तर बंद कसा करायचा ते सांगू नका. कधी ओरडतो ते विचारा. फक्त सकाळी ओरडत असेल तर सोडून द्या. हलका दाबल्यावर चिरकत असेल तर पिना, स्प्रिंग आणि पॅडची चकाकी बघायला सांगा. आणि खरखर येत असेल तर पॅडवरचा मसाला संपून लोखंडावर लोखंड घासतंय. गाडी तिथेच उभी करायला सांगा, मग हवं तर सल्ला द्या. माणूस ऐकायला उरलेला असेल.

आपला,
हळू चालवणारा व वेळेवर थांबणारा

ता. क. : ‘विकून टाका’ असं सुचवणाऱ्यांपैकी काहींनी लगोलग ‘कितीला देणार?’ असंही विचारलं. त्यांच्या माहितीसाठी : पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली आहे, हरित कर भरलेला आहे आणि ब्रेक आता आवाज करत नाही. सबब किंमत वाढली आहे.