भेसळीला जन्मठेप, पनीरला पावती

मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते नकली पनीर घेऊन विधिमंडळात आले आणि कडक कायद्याची आरोळी उठली. आरोळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. दूधभेसळीला जन्मठेपेची तरतूद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना 2016 मध्येच सुचवले होते. संसदेने मात्र 2023 च्या जनविश्वास कायद्याने कुणाला इजा न झालेल्या असुरक्षित अन्नासाठीची सहा महिन्यांची कैद तीन महिन्यांवर आणली. तरीही आणखी मोठ्या शिक्षेचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा चिल्हार फाट्यावरच्या ढाब्यातले किंवा तारापूर एमआयडीसीतल्या मेसमधले पनीर कायद्याच्या वाटेने शेवटपर्यंत नेऊन पाहावे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो, विश्लेषकाला 14 दिवसांची मुदत असते. तोवर माल टिकावा म्हणून 25 ग्रॅमला दोन थेंब फॉर्मेलिन घालायची सोय नियमांतच आहे. व्यापाऱ्याने घातले तर गुन्हा, साहेबांनी घातले तर पुरावा! अहवाल येतो तो असा: कोरड्या अंशात निदान 50 टक्के दुधाची चरबी हवी, इथे पामतेल आहे. आता पामतेलाने कुणी मरत नाही. म्हणजे पनीर 'असुरक्षित' नाही, फक्त 'कमी दर्जाचे'. प्रकरण फौजदारी न्यायालयात न जाता न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाते आणि पाच लाखांपर्यंतच्या दंडावर मिटते. दुसऱ्यांदा पकडल्यावर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द, हे अन्न सुरक्षा कायद्याचे कलम 64 दिसायला जबर. पण ते आधीची दोषसिद्धी मागते. दंड भरणारा दोषी ठरलेलाच नसतो. तो दर वेळी पहिलटकर! जन्मठेप शोकेसमधल्या चांदीच्या ताटासारखी, पाहुण्यांना दाखवण्यापुरती.

यावर कुणी 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणाचा दाखला देईल: 6,432 नमुन्यांपैकी भेसळ फक्त 12 मध्ये. खरे आहे. पण तपासले होते दूध. पनीर आणि मावा नव्हे. शिवाय त्याच सर्वेक्षणात सुमारे 41 टक्के नमुने दर्जाच्या कुठल्या ना कुठल्या निकषावर घसरले होते. दुसरा आक्षेप असा, की ॲनालॉग, म्हणजे दुधाच्या चरबीऐवजी तेल घालून केलेले पनीरसारखे उत्पादन, विकणे कायदेशीरच आहे, खोक्यावर तसे छापले की झाले. छापतातही. पण बोईसरच्या मेसमध्ये खोके टेबलावर येत नाही, ताट येते, आणि फळ्यावर लिहिलेले असते 'पनीर मसाला'.

राहिला दोन कॅन घेऊन फिरणारा गरीब दूधवाला. कडक कायद्यात तोच भरडला जाईल, ही भीती रास्त आहे. पण दंड ठरवताना नफा किती कमावला आणि चूक कितव्यांदा झाली हे बघा, असे कलम 49 आजही सांगते. तेव्हा नवी जन्मठेप नको, एक दुरुस्ती पुरे: कमी दर्जाचा दुसरा दंड झाला की परवाना जावा, आणि दुधाच्या नावाने तेल विकणे ही फसवणूक म्हणून नोंदली जावी. मुंबईतले गोठे हलवायला सरकारने काढलेला दापचरीचा दुग्धप्रकल्प केव्हाच आटला. तपासणी नाका तेवढा त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. तिथे दिवाळीच्या तोंडावर गुजरातकडून येणारा मावा पकडल्याचे फोटो येतीलच. फोटोनंतर त्या नमुन्याचे काय झाले, तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला सांगा.