लाल दिव्याच्या मानकऱ्यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. साउंडवाले भैया,
मुक्काम मांडवाच्या कोपऱ्यातलं टेबल, माधव नगर, उज्जैन

स. न. वि. वि.

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे सरकारने १ मे २०१७ पासून उतरवले. तुमच्या मिक्सरवरचा मात्र अजून मानाने जळतो आहे, हे यंदाच्या गणेशोत्सवात डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी सोसलं. अभिनंदन! 'पीक' लिहिलेला तो ठिपका लुकलुकला की सूर फाटायच्या बेतात आहे असं समजायचं, असं जुने लोक सांगतात. तुमचा लुकलुकत नव्हता, समईसारखा तेवत होता.

साउंड चेक झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. "हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री" असं सतरंज्या घालणारा मुलगा माइकपासून हातभर लांबून पुटपुटला. तेवढ्या पुटपुटीवर तुम्ही गेनचा नॉब जवळजवळ शेवटापर्यंत पिळलात. मग आमच्या गल्लीतली पोर अभंग म्हणायला बसली, तार षड्जाला गेली आणि स्पीकरमधून पत्रा कापल्याचा आवाज आला. तुम्ही तत्परतेने खालचा फेडर निम्म्यावर ओढलात. पत्रा हळू आवाजात कापला जाऊ लागला.

भैया, आमटी पातेल्यातच खारट झाली असेल तर वाटीत कमी वाढून ती अळणी होत नाही. गेन म्हणजे पातेलं, फेडर म्हणजे पळी. माइककडून येणारा विजेचा दाब व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजायचा, आणि मिक्सरला कामासाठी हवा साधारण एक व्होल्ट. ही वाढ गेनने करायची. २० डेसिबल म्हणजे १० पट, ४० म्हणजे १००, ६० म्हणजे १००० पट. गाणारी माइकला ओठ लावून गाते तेव्हा कमी लागते, निवेदक माइक बेंबीपाशी धरतो तेव्हा जास्त. कीबोर्ड तर घरून जेवूनच आलेला असतो. तुमच्या पंगतीत मात्र सगळ्यांना सारखंच वाढप! समतेचा हा आदर्श आम्हांला भाषणांतही सापडला नव्हता.

तुमच्या कलेत ढवळाढवळ करायची नाही, पण प्रत्येक चॅनलवर पीएफएल नावाचं एक बटण अंग चोरून बसलेलं असतं. ते दाबलं की त्या एकट्याच माइकची पातळी मीटरवर दिसते. गाणारीला म्हणायचं, "सगळ्यात वरची जागा घे, मोकळ्या गळ्याने." ती गात असताना गेन हळूहळू वाढवायचा, लाल दिवा डोळा मिचकावू लागला की थोडा मागे घ्यायचा, कारण मांडव भरला की गळा आणखी चढतो. मग फेडर शून्याच्या खुणेपाशी ठेवायचा आणि हात मांडीवर. सगळं मिळून माणशी एक मिनिट. गेन फार कमी ठेवून फेडर छताला लावला तर वेगळीच मौज: गाण्याआधी मिक्सरची स्वतःचीच सरसर ऐकू येते.

कायद्याची भीती तुम्हांला घालत नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रुग्णालयापासून १०० मीटरांत त्याहूनही कमी, हे नियम २००० सालचे. उज्जैनचेच गृहस्थ मुख्यमंत्री झाले तेव्हा १३ डिसेंबर २०२३ला त्यांचा पहिला आदेश निघाला तोही लाउडस्पीकरांबद्दलच. पण माझं दुखणं मोठ्या आवाजाचं नाही, फाटक्या आवाजाचं आहे. फाटलेला शब्द कळत नाही. कळत नाही म्हणून मागून कोणीतरी ओरडतं, "भैया, आवाज बढ़ाओ!" तुम्ही वाढवता, शब्द आणखी फाटतो, ओरडणारा आणखी ओरडतो.

आता कबुली देतो. तिसऱ्या रांगेतून बोट हवेत गोल फिरवून तुम्हांला "वर, वर" खुणावणारा मीच होतो. मंडळाचा कार्यक्रम आखताना सत्काराला चाळीस मिनिटं, पाहुण्यांच्या परिचयाला पंधरा आणि साउंड चेकला "होऊन जाईल" लिहिणाराही मीच. सूर जुळवायला वेळ लागतो हे आम्हांला ठाऊक नाही असं नाही. कुमार गंधर्व १९४८ साली इथून जवळच देवासला येऊन राहिले. तंबोरे जुळवण्यातली त्यांची चिकाटी आम्ही माळव्यातले मराठी लोक अजून कौतुकाने सांगतो. गायक तंबोरा लावत असतो तेव्हा कोणी घड्याळ पाहत नाही, उलट सगळे माना डोलावतात. तुम्ही मात्र नॉबला हात लावलात की आम्हीच म्हणतो, "चलो भैया, शुरू करो." मिक्सरचा तंबोरा लावायला तुम्हांला कधी मिळालाच नाही, आणि बेसूर म्हणून नाव तुमचंच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तिसऱ्या रांगेतला

ता. क. : पुढच्या वर्षी कार्यक्रम सातला आहे. पोरीला सहाला बोलावलं आहे, पाहुण्यांना साडेसातला. मधला वेळ तुमचा. मी बोट खिशात ठेवीन.