टपावरची छत्री

गाडीतला छत्रीवाला नाशिकमध्ये प्रामुख्याने देवळाली कॅम्प, नाशिकरोड आणि ओझर या पट्ट्यात आढळतो. तोफखाना, नोटांचा छापखाना किंवा विमानांचा कारखाना यांपैकी कुठली तरी निवृत्ती, जुनी ट्रॅव्हलर आणि सोशिक बायको एवढं त्याच्या वाढीला पुरतं. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. याच्या गाडीतल्या सीटा त्याआधीच निघाल्या होत्या. त्यांच्या जागी पलंग, पलंगासमोर बारा व्होल्टचा टीव्ही आणि टपावर साठ सेंटिमीटरची छत्री. बॉक्स डीडी फ्री डिशचा. दरमहा भाडं नाही, हे तो कोणी विचारायच्या आत सांगतो.

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. नाशिकहून पाहता तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. तोफखान्यातल्या माणसाला एवढ्या दोन गोष्टी पुरेशा वाटतात, आणि घोळ तिथेच होतो. या छत्रीचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असल्याने तिचं तोंड प्रत्यक्ष दिशेपेक्षा बरंच खाली झुकलेलं दिसतं. छत्रीचं तोंडच ५७ अंशांवर रोखणाऱ्याच्या वाट्याला दुपारभर निळा पडदा येतो.

गंगापूर धरणावर गाडी लावताना घरचे पाणी कुठून दिसेल ते पाहतात, हा आग्नेय मोकळी आहे का ते पाहतो. त्यामुळे खिडकीतून बहुधा स्वच्छतागृहाची भिंत दिसते. अंजनेरीच्या पायथ्याशी सिग्नल गेला की दोष डोंगराला. ५७ अंशांवर आडवं येतं ते मात्र शेजारचं आंब्याचं झाड. इगतपुरीच्या मुसळधार पावसात पाणीच सिग्नल गिळतं, पण हे त्याला पटत नाही. तो वायर बदलतो.

खरी परीक्षा कुटुंबाची. छत्री दोन-तीन अंश ढळली तरी चित्र जातं, आणि गाडी तर स्प्रिंगांवर उभी. मावशी उतरल्या की टप कलतो, टप कलला की बातम्या जातात. म्हणून सिग्नल लागल्यावर "कोणी हलू नका!" असा हुकूम सुटतो. "अहो, मग चहा कोण करणार?" या प्रश्नाला उत्तर नसतं. छत्री खाली तिपाईवर ठेवून पायाशी पाण्याचा कॅन बांधला की हा त्रास संपतो, हे त्याला ठाऊक असतं. पण टपावर चढण्यातली शान तिपाईत नाही.

दिंडोरीकडे हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरही बांबूला बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छत्र्या दिसतात. तिथे अंश कोणी विचारत नाही. शेजाऱ्याची छत्री जिकडे, तिकडे आपली. छत्रीवाला अशा ठिकाणी पाणी मागायच्या निमित्ताने थांबतो, नजर वर टाकतो, परत येऊन आपली छत्री मुकाट्याने वळवतो आणि टपाच्या पत्र्यामुळे भरकटलेलं होकायंत्र हातात धरून दिशा पहिल्यापासून हीच होती असं सांगतो.