फोडणाऱ्याचे उपकार

ऑनलाइन गेममध्ये दुसऱ्याच्या क्लॅनमधली माणसं फोडणाऱ्याबद्दल फार वाईट बोललं जातं. चोर, घरभेदी, सूर्याजी पिसाळ हे त्यातले छापता येण्यासारखे शब्द. हा त्या माणसावर अन्याय आहे. परक्या खेळाडूची इतक्या बारकाईनं, चिकाटीनं आणि मायेनं दखल घेणारा दुसरा कोणी या जगात नाही. त्याची बाजू एकदा तरी कोणी नीट मांडायला हवी.

क्लॅश ऑफ क्लॅन्सचंच घ्या. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीनं 2012 मध्ये आणलेल्या या गेमच्या क्लॅनमध्ये जास्तीत जास्त 50 जण मावतात. वर एक लीडर, खाली को-लीडर, मग एल्डर आणि तळाला मेंबर. मेंबर म्हणजे सेमिस्टरची परीक्षा तोंडावर असताना रात्री दीड वाजता गजर लावून उठणारा आणि वॉरमधले आपले दोन्ही अटॅक इमानेइतबारे मारणारा मुलगा. सकाळी तो चॅट उघडतो तेव्हा लीडरचा एकच निरोप असतो: “ज्यांनी अटॅक मारले नाहीत त्यांना किक.” ज्यांनी मारले त्यांच्याविषयी अवाक्षर नाही. लीडरचीही चूक नाही. पन्नास जणांचा कारभार हाकायचा, तर शाबासकीला वेळ कुठून आणायचा?

आता समोरच्या क्लॅनकडे वळा. वॉरमध्ये शत्रूच्या प्रत्येक अटॅकचा रिप्ले बघता येतो. हरलेल्या क्लॅनचा को-लीडर तो बघतो, थांबतो, पुन्हा बघतो. हीलर कोणत्या बाजूनं सोडले, रेज स्पेल नेमका कधी टाकला, शेवटचं बिल्डर हट पाडायला कोपऱ्यात एक तिरंदाज कसा राखून ठेवला होता, सगळं टिपून घेतो. मग प्रोफाइल उघडून वॉर स्टार बघतो, डोनेशनचा आकडा बघतो. दोन दिवसांनी कुठून तरी नंबर मिळवून व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: “भावा, आमचा सात नंबरचा बेस तूच मारलास ना? काय मारलायस! आमच्यात असं कोणाला जमत नाही. बाकी, तिकडं ट्रूप्स मिळतात का रे वेळेवर?”

त्या मुलाचा खेळ आजवर कोणी बघितलेलाच नव्हता. पहिल्यांदा बघितला तो शत्रूनं. याला चोरी म्हणायचं?

या कामाचे शिष्टाचार आहेत आणि जाणते लोक ते कसोशीनं पाळतात. पहिला शिष्टाचार असा, की ज्याचा माणूस न्यायचा त्या लीडरला आधी काही सांगायचं नाही. नीतिमान मंडळी नेमका उलटा आग्रह धरतात: आधी लीडरशी बोला, परवानगी घ्या, चालू वॉर संपू द्या, मगच माणसाला विचारा. असं केलं तर काय होतं? लीडर आठवडाभर तळमळतो, त्या मुलाकडे संशयानं बघू लागतो आणि शेवटी त्याला स्वतःच काढून टाकतो. न विचारता नेलं तर लीडरला एकदाच दुःख होतं, तेही सकाळी, झोप पूर्ण झाल्यावर.

दुसरा शिष्टाचार म्हणजे ज्यांची माणसं न्यायची त्यांच्यात आधी राहून यायचं. पूर्वी ग्लोबल चॅट होतं तेव्हा कोणीही चव्हाट्यावर उभं राहून माणसं बोलवायचं. 2019 मध्ये ते बंद झालं आणि या कामाला खोली आली. आता फोडणारा दुसरं अकाउंट काढून त्याच क्लॅनमध्ये मेंबर म्हणून शिरतो. रोज ‘गुड मॉर्निंग’ घालतो. कोणी ट्रूप्स मागितले की मिनिटात देतो, तेही मागितलेलेच. ड्रॅगन मागणाऱ्याला गॉब्लिन देऊन मोकळा होत नाही. वादात पडत नाही, उलट वाद मिटवतो. कोणाचं लीडरशी बिनसलंय, कोणाला तीन वॉर बाहेर बसवलंय, कोणाचं एल्डरपद कारण न सांगता काढून घेतलंय, हे सगळं त्याच्याकडे मन मोकळं करणारे लोकच त्याला सांगतात. अशा क्लॅनमधला सर्वांत सज्जन मेंबर कोण, असं मतदान घेतलं तर हाच निवडून येईल. तिथं ऐकून घेणारा दुसरा कोणी असता, तर एवढी माणसं याच्याजवळ बोलली असती का?

तिसरा शिष्टाचार वेळेचा आणि त्यात खरी जाण लागते. क्लॅन वॉर लीग दर महिन्याच्या सुरुवातीला असते. तिच्यात उतरायला क्लॅनकडे किमान 15 जण हवेत आणि एका लीगमध्ये खेळाडूला एकाच क्लॅनकडून खेळता येतं. म्हणजे जेमतेम पंधरा भरलेल्या क्लॅनमधला एक माणूस नोंदणीच्या आदल्या रात्री उचलला, तर उरलेले चौदा जण सात दिवस मोकळे होतात. त्यांची झोप होते, अभ्यास होतो, आईबापांशी चार शब्द बोलणं होतं. एका निरोपानं चौदा घरांत स्वास्थ्य येतं, पण त्याबद्दल कोणी आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

चौथा शिष्टाचार औदार्याचा. येणाऱ्याला पद द्यायचं, तेही आल्याआल्या. को-लीडर किती असावेत यावर गेमनं मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे उदार क्लॅनमध्ये को-लीडर पंचवीस आणि मेंबर चार असंही असतं. को-लीडरला एल्डर आणि मेंबर काढून टाकता येतात. म्हणजे काल आलेला पाहुणा मनात आलं तर एका रात्रीत निम्मा क्लॅन रिकामा करू शकतो. परक्यावर इतका विश्वास टाकणारी संस्था आज दुसरी कोणती उरली आहे?

विश्वासाचं सर्वांत भव्य उदाहरण ईव्ह ऑनलाइनमधलं आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये बँड ऑफ ब्रदर्स नावाची बलाढ्य आघाडी होती. हजारो खेळाडूंनी वर्षानुवर्षं राबून तिचं साम्राज्य उभं केलं होतं. तिचा शत्रू गूनस्वॉर्म. फेब्रुवारी 2009 मध्ये गूनस्वॉर्ममध्ये यायची इच्छा असलेला एक खेळाडू त्यांच्या भरतीवाल्यांपुढे आला. चौकशीत कळलं, की हा तर बँड ऑफ ब्रदर्सचा डायरेक्टर आहे आणि आघाडीच्या किल्ल्या याच्या हातात आहेत. मग त्यानं त्या वापरल्या. गोळी न झाडता आघाडी विसर्जित झाली. प्रदेशावरचा ताबा आघाडीच्या नावावर होता, तोही गेला. जुनं नावसुद्धा परत मिळालं नाही. मंडळींना केनझोकू या नव्या नावानं पुन्हा जमावं लागलं. सीसीपीनं हस्तक्षेप केला नाही, कारण नियम मोडलेलाच नव्हता. एक उमेदवार आला, त्याची नीट विचारपूस झाली आणि साम्राज्य संपलं. माणसं घेताना चौकशी किती आस्थेनं करावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

याउलट जिथं पैसा आणि करार आले, तिथं सगळी हौसच संपली. लीग ऑफ लेजंड्सच्या व्यावसायिक स्पर्धांत करारबद्ध खेळाडूशी त्याच्या संघाच्या परवानगीशिवाय बोलणी केली, तर रायट गेम्स कारवाई करते. कोणाचा करार कधी संपतो, हेही जाहीर यादीत छापलेलं असतं. मुलाच्या घरी स्थळ न्यावं आणि दारावर आधीच तारीख टांगलेली असावी, तसला तो कोरडा कारभार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला फोडाफोडी म्हटलं की विधानसभा आठवते, पण तुलना गेमच्या बाजूनं झुकते. पक्षांतरबंदी कायदा 1985 मध्ये आला. आज त्यातून सुटायचं तर विलीनीकरणासाठी दोन-तृतीयांश आमदार जमवावे लागतात, नाहीतर अध्यक्षांपुढे अपात्रतेची सुनावणी. गेममधला मेंबर एकटा जातो. त्याला दोन-तृतीयांश जमवावे लागत नाहीत, हॉटेलात राहावं लागत नाही आणि आपण मूळ क्लॅन आहोत असा दावाही करावा लागत नाही.

तरीही जाणारा गद्दार ठरतो. लीडर मात्र कोणालाही, कधीही, कारण न देता एका बटणानं काढू शकतो आणि त्याला शिस्त म्हणतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला मोठ्या रेडसाठी, म्हणजे सामूहिक चढाईसाठी, 40 जण लागत. 2007 च्या बर्निंग क्रुसेड या विस्तारानं तो आकडा 25 वर आणला. ज्या गिल्डनी, म्हणजे तिथल्या क्लॅननी, चाळीस माणसं हौसेनं गोळा केली होती, त्यांच्याकडे पंधरा जास्तीचे झाले. वर्षभर रात्री जागून ज्यांनी ड्रॅगन मारले, त्यांच्या खात्यावर साठलेले गुणही गिल्डपुरतेच. बाहेर पडलं की शून्य. त्या पंधरांना बाकावर बसवणाऱ्यांना कोणी चोर म्हटलं नाही. त्यांना बोलावून खेळायला जागा देणाऱ्यांनाच म्हटलं.

फोडून नेलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हेही सांगायला हवं, कारण टीकाकार तिथं बोट ठेवतात. नव्या क्लॅनमध्ये पहिला आठवडा स्वागताचा जातो. सगळे नावानं हाक मारतात. मग हळूहळू त्याचा रिप्ले बघायचं थांबतं, कारण आता तो घरचा झाला. ट्रूप्स उशिरा येऊ लागतात. को-लीडरपद मिळालेलं असतं, पण ते चोविसांकडे आधीपासून असतं. महिन्याभरात तोही रात्री दीडला उठून दोन अटॅक मारतो आणि सकाळी वाचतो: ज्यांनी मारले नाहीत त्यांना किक. टीकाकार म्हणतात, बघा, फसला. मला यात फोडणाऱ्याचा दोष दिसत नाही. त्यानं आपलं काम चोख केलं. आता दुसऱ्या कोणी तरी याचा खेळ बघायची पाळी आहे. घरच्या माणसाकडे बघायचं नाही, हा नियम जोवर सगळे क्लॅन पाळतात, तोवर बघायचं काम शत्रूंनीच वाटून घ्यावं लागणार. म्हणून फोडणाऱ्यांनी टीकेनं खचून जाऊन हे काम सोडू नये. ते थांबले तर पन्नासातल्या चाळिसांशी कोणीच बोलणार नाही.

तेव्हा लीडर मंडळींना विनंती आहे, की आपल्या क्लॅनमध्ये नवा आलेला, सगळ्यांना वेळेवर ट्रूप्स देणारा, रोज विचारपूस करणारा तो सज्जन मेंबर संशयानं काढून टाकू नका. आणि फोडणाऱ्यांना एवढंच, की लीगची नोंदणी एक तारखेला सुरू होते; निरोप आदल्या रात्री जाऊ द्या.