व्युत्पत्तीचा विसावा

अंगातली रग संपली आहे हे कबूल करण्यापेक्षा अंगातली विद्वत्ता उतू चालली आहे असे भासवणे मला नेहमीच सोयीचे वाटत आले आहे. परंतु या सोयीची जी सत्त्वपरीक्षा दक्षिण स्पेनमधल्या कापिलेइरा नामक गावी झाली, तशी महसूल खात्यातल्या बत्तीस वर्षांत कोणत्याही दप्तर-तपासणीच्या वेळी झाली नव्हती.

सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर, पोकेइरा नदीच्या घळीवर, पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन पांढरी गावे एकाच्या डोक्यावर एक अशी बसलेली आहेत, आणि त्यांतले सर्वांत वरचे, 1,400 मीटरांहूनही उंच, ते आमचे. त्यांच्या शुभ्रतेचे वर्णन मी करीत नाही, कारण भिंतीवरच्या दिनदर्शिकांनी ते काम केव्हाच उरकले आहे. दिनदर्शिकेत न दिसणारी गोष्ट एवढीच की, इथल्या घरांवर कौले नाहीत, आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडे असते तसे चक्क धाबे आहे, आणि त्यावर थापलेली 'लाउना' नावाची करडी माती पावसाने भिजली की अधिकच घट्ट होऊन पाणी अडवते. सपाट असे गावात एवढे धाबेच. बाकी सर्व चढ.

बसमधून उतरलो तेव्हा माझ्या अंगात काळा, बंद गळ्याचा कोट होता, आणि "आपण महाबळेश्वर पाहिलेली माणसे, आपल्याला चढाचे काय!" हे उद्गार सौभाग्यवतीच्या कानी पडतील अशा बेताने मी काढले होते. (महाबळेश्वर आम्ही एस. टी.ने पाहिले होते.) तिसऱ्या वळणावर छातीत लोहाराचा भाता सुरू झाला. सुदैवाने समोर वाण्याच्या दारात संत्र्यांची करंडी होती. मी भिंतीला पाठ टेकली आणि म्हणालो, "थांब. यांना इथे 'नारांहा' म्हणतात. मूळ शब्द आपला, नारंग! संस्कृतातून फारशीत, फारशीतून अरबीत, आणि अरबांबरोबर थेट इथवर." संस्कृतानेही तो बहुधा द्राविड भाषांकडून उसना घेतला असावा, हा तपशील मी गाळला, कारण तोवर श्वास जाग्यावर आला होता.

"बरं," ती म्हणाली.

तेथून पुढे प्रत्येक चढाला एकेक शब्द खर्ची पडू लागला. वातिंगणाचा अरबीत 'बादिंजान' आणि इथे 'बेरेंहेना' होऊन आपले वांगे कसे परदेशी स्थायिक झाले, ते मी पाणपोईपाशी सांगितले. शर्करेची 'आसुकार' एका जिन्याच्या पायथ्याशी विरघळवली. चतुरंगाचा 'शतरंज' आणि शतरंजाचा 'आहेद्रेस' होईपर्यंत हत्ती, घोडे, प्यादी कुठे गळाली याचा शोध घेण्यात एक अत्यंत उभी गल्ली पार पडली. देवळापाशी संस्कृताची शिल्लक संपली, तेव्हा मी जिथे खऱ्या अर्थाने घरचा आहे त्या दप्तरी शब्दांकडे वळलो. गावच्या नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात, तो अरबीतला काझी. 'आदुआना' म्हणजे जकातीचा नाका, तो आपला दिवाण. आणि 'आल्ग्वासिल' म्हणजे कोर्टाचा बेलिफ, तो साक्षात वजीर! वजिराची अशी पदावनती झालेली पाहून, दोनदा बढती हुकलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाला केवढे समाधान झाले, ते समदुःखी वाचकच जाणतील. 'तारिफा' म्हणजे दरपत्रक, हे मात्र मी खानावळीत बसल्यावर सांगितले, आणि तारीफ करण्याजोगे त्यात काही नव्हते. एकंदरीत माझा आविर्भाव असा होता की, ही सगळी शब्दसंपत्ती माझ्या नावे असून इथली मंडळी ती केवळ कूळ म्हणून वहिवाटीत आहेत.

तिसऱ्या प्रहरी आम्ही गावाखालच्या मळ्यांकडे उतरलो. एक म्हातारा फावडे घेऊन पाटाच्या काठी उभा होता. पाटात उभी केलेली दगडी फळी, तिच्या कडेला कोंबलेले गोणपाट. त्याने गोणपाट उपसले, फळी वर ओढली, आणि पाणी क्षणभर थबकून आज्ञाधारक कारकुनासारखे त्याच्या शेताकडे वळले. "आसेकिया?" मी विद्वत्ता मिरवीत विचारले. "आसेकिया," तो म्हणाला, आणि पाण्याला पाणी म्हणता येणाऱ्या मुलाकडे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले.

हा शब्द अरबी 'साकिया'चा. 1567 साली दुसऱ्या फिलिप राजाने ग्रानादा प्रांतातल्या मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, फर्मान काढले की तीन वर्षांच्या आत अरबी बोलणे-लिहिणे सोडावे. पुढल्याच वर्षी नाताळात याच डोंगरांत बंड उठले. ते मोडल्यावर माणसांना घरांतून उठवून दूरच्या मुलखात हाकलले आणि त्यांच्या घरांत उत्तरेकडची कुटुंबे आणून बसवली. मात्र गावोगाव दोन-दोन मोरिस्को कुटुंबे मागे ठेवून घेतली, असे या बाजूला सांगतात, कारण नव्या माणसांना हे पाणी फिरवता येत नव्हते. बेदखलीच्या नोटिसांवर मीही पुष्कळ सह्या केल्या आहेत. निघून जाण्यापूर्वी नव्या कब्जेदारास पाण्याची पाळी समजावून द्यावी, असा मजकूर त्यांतल्या एकीतही नव्हता. पण काही सह्या मला त्या काठावर, तारखांसकट, आठवल्या.

परतीच्या चढावर मी निमूट होतो. दम लागला तसा निमित्ताशिवाय, उघडउघड थांबलो. सौभाग्यवती दोन पायऱ्या पुढे गेली, एका घराच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, एखादा शब्द उरला असेल तर सांगा ना. माझेही गुडघे भरून आलेत."

म्हणजे सकाळपासून तिला ठाऊक होते.

"फुलानो," मी म्हणालो. "ज्याचे नाव ठाऊक नाही असा माणूस. आपला फलाणा. दोन्हीकडे अरबीतूनच आला."

"मग तो पाट खणणारा फलाणाच म्हणायचा," ती म्हणाली. थोडा वेळ आम्ही दोघे तिथेच बसून खालचे पाणी ऐकत राहिलो. मग तिने मला खांद्याला धरून पाठमोरे केले आणि पदराने कोट झाडायला सुरुवात केली, कारण ज्या ज्या भिंतीला टेकून मी व्याख्यान दिले होते, तिने तिने आपला चुना माझ्या पाठीवर उतरवला होता आणि त्याच पाठीने मी दिवसभर गावातून विद्वानासारखा हिंडलो होतो.

आजवर मला चुना लावणारे पुष्कळ भेटले. भिंतीने लावण्याची ही पहिलीच खेप. पुण्यास आल्यावर तो कोट दोनदा धोब्याकडे दिला. उजव्या खांद्यावर अजून थोडे पांढरे आहे.